प्राप्तीच्या पाठीची सीडी

मी एक सीडी बोलतेय. गाण्यांची नाही, सिनेमाचीही नाही. माझ्यात एका मुलीची पाठ आहे.

अलिबागच्या एका एमआरआय सेंटरमध्ये माझा जन्म झाला. चार वर्षांची प्राप्ती चालताना डावा पाय ओढायची. तिला झोपेचं औषध देऊन त्या ठोकठोक करणाऱ्या मशीनमध्ये सरकवलं. तिच्या पाठीचे जे फोटो निघाले ते माझ्यावर भरले. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, त्यात पाण्याचा एक लांबट डाग होता.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही. दोन वर्षांनी परत फोटो काढू. डाग वाढला असेल तर ऑपरेशन. सीडी जपा."

प्राप्तीच्या आईने, प्रणालीने, मला कपाटात साड्यांखाली ठेवलं. मुलीला आंघोळ घालताना ती पाठीवरून बोट फिरवत राही. बोटाला डाग कळणार होता की काय, कोण जाणे. माणसं असं करतात.

आमचं घर मुरुडच्या कोळीवाड्यात. इथे अंगणात जवळा वाळत घातला की कावळे टपलेले असतात. चकाकणारं काही हललं की ते लांब राहतात, म्हणून घरोघरी जुन्या सीड्या टांगतात. प्रणाली माहेरी गेली होती तेव्हा सासूने, गोदूबाईने, कपाटातल्या सगळ्या सीड्या काढल्या. माझ्या मधोमध जन्मापासून भोक आहे. त्यातून तिने नायलॉनची दोरी ओवली.

मी वाऱ्यावर फिरत राहिले. काम वाईट नव्हतं. उन्हाने माझ्यावरचं नाव मात्र पुसलं.

दोन वर्षं झाली. पनवेलला प्राप्तीचे नवे फोटो काढले. तिथले डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "जुन्या कागदावरच्या मापापेक्षा डाग लांब दिसतोय. पण जुने फोटो बघितल्याशिवाय ठरवणार नाही. सीडी आणा."

प्रणालीने घरी येऊन सगळं कपाट उपसलं.

"आई, इथली सीडी कुठं हाय?"

"कुठली गो?"

"प्राप्तीची. पाठीची."

"ती व्हय? ती कामावर हाय." गोदूबाईने अंगणाकडे हात केला.

प्रणाली तिथेच बसली. "अहो, त्यात पोरीची पाठ हाय!"

"मना काय ठावं, पाठ सीडीत ठेवतात म्हणून! रडू नको. ऊठ, काढ खाली."

दोरीवर आम्ही तिघी होतो आणि नाव कुणावरच नव्हतं. प्रणालीने तिघींना पिशवीत घातलं आणि एसटी धरली.

पनवेलच्या कॉम्प्युटरवर एक मॅडम होत्या. पहिली सीडी घातली तर हळदीची गाणी लागली. दुसरीत प्रणालीचंच लग्न निघालं. मग मॅडमनी मला उचललं आणि नाक मुरडलं. "कसला वास येतोय?"

"जवळ्याचा, मॅडम."

त्यांनी मला पुसून आत सरकवलं. मी घरघरले. चरे पडले होते, काही फोटो उघडलेच नाहीत. पण मणक्यांचे उघडले.

मॅडमनी जुनी पाठ लाल केली, नवी हिरवी केली आणि एकावर एक ठेवली. जुळेनात. त्या वेळी प्राप्ती जरा वाकडी झोपली होती, आणि आता ती उंचही झाली होती. मग सॉफ्टवेअरने माझ्यातली पाठ आधी फिरवली, सरकवली, आणि मणक्यावर मणका बसेपर्यंत हळूहळू ताणली.

"जुळलं तिथे पिवळं दिसेल," मॅडम म्हणाल्या. "डागाच्या कडेला हिरवं उरलं, तर वाढलाय."

प्रणालीने पदराचं टोक दातात धरलं. एकेक मणका पिवळा होत खाली आला. मग डाग आला. पिवळा. प्रणाली पुढे वाकून कडेला हिरवं शोधत राहिली.

डॉक्टरांनीही येऊन बराच वेळ पाहिलं. "मणक्यांच्या मानाने डाग होता तेवढाच आहे," ते म्हणाले. "डाग नाही वाढला, ताई. पोरगी वाढलीय."

"म्हणजे ऑपरेशन?"

"आत्ता नाही. पुढच्या वर्षी परत बघू. ही सीडी घेऊन या."

आता मी स्टीलच्या डब्यात असते. गोदूबाई कावळे हातानेच हाकलते आणि मधूनमधून मला दोन शिव्या देते. मला त्याचं काही नाही. एवढंच सांगते, कुठलीही सीडी दोरीला ओवायच्या आधी घरात एकदा विचारा, आत कोण आहे.

माझ्यातली प्राप्ती चारच वर्षांची राहणार. बाहेरची आत्ता पाय ओढत अंगणात पळतेय. दर वर्षी तिच्याशी जुळताना मला थोडं जास्त ताणावं लागो.