सासऱ्याचं मशीन

शेखरच्या हळदीला सुनीलनं घरचाच डीजे लावला. लावणारच. जो माणूस पंचक्रोशीतल्या लग्नांत लोकांची कौलं हलवतो, त्याच्या सख्ख्या भावाच्या हळदीत आवाज कमी पडला तर लोक तोंडात शेण घालतील. पिकअपच्या मागं पेट्यांची भिंत, दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी. त्याच्यामागं जनरेटर. आणि समोर, मुरमाड अंगणात, धुरळा उडवत नाचणारी माणसं.

आमची आणि सुनीलची भिंत एकच. त्यानं बेस चढवला की आमच्या फडताळातल्या डब्यांची झाकणं थरथरतात आणि माझी पायल झोपेत दोन्ही हात हवेत फेकते. त्या संध्याकाळी तिच्या कानांवर टोपडं, टोपड्यावर माझा पदर गुंडाळून मी गोठ्यापाशी जाऊन उभी होते. ललिताला तसं जमणार नव्हतं. ती सुनीलची बायको, घरातली थोरली वहिनी. नवरदेवाला पहिली हळद तिची, आणि हळद लावली की पेट्यांसमोर नाचायचंही तिनंच. कडेवर तान्ही तेजू. तिला कुठं ठेवणार?

तेजू आधी रडली. तोंड वासलेलं दिसत होतं, रडं ऐकू येत नव्हतं. मग ती थांबली. डोळे सताड, अंग लाकडासारखं, ओठ निळसर. रडणारं लेकरू कळतं हो, असं गोठलेलं नाही कळत. ललितानं सुनीलकडं बघून हात खाली-खाली केला. कमी करा. त्यानं हसून बोट वर केलं आणि आणखी चढवला.

ललिता पिकअपच्या मागं गेली आणि तिनं जनरेटर बंद केला.

असा सन्नाटा आदळला की नाचणाऱ्यांचे पाय हवेतच राहिले. कुणीतरी खाकरलं. झिपरू, जो दोन घोट लावल्याशिवाय मांडवात येत नाही, तो म्हणाला, "काय भो सुनील, डीजे तुहा का बायकोचा?"

लोक हसले. तेवढंच झालं. सुनील गाडीवरून उतरला, चार ढांगांत तिच्यापर्यंत गेला आणि त्यानं उघड्या पंज्यानं तिच्या डाव्या कानावर ठेवून दिली. बैलाच्या पाठीवर ओला चाबूक बसावा तसा आवाज झाला. ललिता भेलकांडली, पण तेजूला तिनं सोडलं नाही. पडता पडता खांद्यावर पडली, पोर वर धरून.

सासू मालनबाई पुढं झाल्या. मला वाटलं सुनेला उठवतील. त्या लेकाला म्हणाल्या, "हळदीच्या मांडवात व्हय रे? घरात न्यायची ना."

जनरेटर पुन्हा सुरू झाला. ललितानं तेजूला माझ्या हातात दिलं आणि गोठ्याच्या दावणीला टेकून बसली. कानावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून हळद आणि रक्त एकत्र ओघळत होतं. तेजू माझ्या छातीशी आता हुंदके देत होती. मला तेव्हा ते रडं कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागलं.

त्या कानात मालनबाईंनी लसूण टाकून कढवलेलं तेल ओतलं. "सगळ्यांचे कान असेच बरे होत्यात," म्हणाल्या. ललिता भिंतीपलीकडं गुरासारखी ओरडली ते मी ऐकलं. दोन्ही हातांत पायल होती म्हणून, नाहीतर मी गेलेच असते, असं मी स्वतःला सांगत राहिले.

पुढं कांद्याची काढणी लागली. उन्हाळ कांदा, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि डोंगराच्या अंगाला रोज दुपारी काळं जमायचं. एका दुपारी गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या. रानात पात कापत बसलेल्या बाया पाट्या डोक्यावर घेऊन पळाल्या. ललिता बसूनच. तिच्या डाव्या अंगानं गारांचा लोट येत होता आणि तिला तो कळलाच नाही. पहिली गार कपाळावर फुटली तेव्हा तिनं वर पाहिलं. मी तिला दंडाला धरून कांद्याच्या चाळीत ओढलं.

"हाका मारते तुला," मी म्हटलं.

"ह्या बाजूनं कुनी नसतंच, ताई," ती म्हणाली. "नुसती रातकिडं वाजत्यात आत. आन उजव्या कुशीवर झोपले का तेजू रडलेली कळत नाय. काल ती रडून रडून ओकली. मी शेजारीच होते."

हे सांगताना ती कपाळ पुसत नव्हती. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं.

मालनबाईंनाही ते कळत होतं. त्या काही राक्षसीण नव्हत्या. नातीचं रडं त्यांच्याही जिवाला लागायचं. एक दिवस त्यांनी कपाटातून स्टीलची डबी काढली. आत सासऱ्याचं मशीन.

पुंजाबाबा म्हणजे सुरुंगवाला. या भागातल्या निम्म्या विहिरींचा खडक त्यांनी फोडलेला. सुरुंग उडायचा तेव्हा बाकीचे बांधाआड पळायचे, बाबा बिडी ओढत जवळच बसायचे. मर्दानगीच ती. पन्नाशीला पोचेपर्यंत बाबा ठार बहिरे. मग लेकांनी नाशिकला नेऊन कानामागं लावायचं मशीन करून दिलं होतं. गेल्या थंडीत बाबा गेले, मशीन राहिलं.

"चालू हाय, नवा सेलही घातलाय," मालनबाई म्हणाल्या. "त्यांच्या सरनावर टाकायचं व्हतं का? आता ललीला व्हईल. चष्मा नाय का एका घरात दोघं वापरत?"

बाबांच्या कानाच्या मापाचा तो साचा ललिताच्या कानात बसेना. मालनबाईंनी त्याला दोरा गुंडाळला, वर कापूस कोंबला आणि बसवला. बटण फिरवलं तशी ललिता दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. "आत्या," ती म्हणाली, "तेजूच्या पायातला वाळा ऐकू येतोय."

सुख चार दिवसांचं. मशीन कानात नीट न बसल्यानं शिट्ट्या मारायचं, गल्लीतली पोरं पाठीमागं शिट्ट्या वाजवत फिरायची. ताट पडलं की ललिता डोकं धरून खाली बसायची. बाबांच्या मेलेल्या कानाला जागं करायला लावलेला जोर तो, हिच्या जखमेवर रोज हातोडीसारखा पडत होता. काढलं की मालनबाई ओरडायच्या, "लावल्याबिगर सवय कशी व्हईल?" आणि सुनील म्हणायचा, "हजारोंची वस्तू हाय, नखरे करू नको." एकदा तिनं काढून ठेवलं तर त्यानं तिची मान पकडून स्वतः कानात दाबून बसवलं. भिंतीपलीकडून त्या झटापटीचा आवाज आला. मारण्याचा नव्हता, पण त्याहून वाईट होता.

मग कापूस पिवळा यायला लागला. वास सुटला. ताप चढला. तेव्हा मी मालनबाईंच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, "उद्या हिला नाशिकला नेते. नाही म्हणालात तर तिच्या भावाला फोन करते."

भावाचं नाव काढल्यावर सुनील स्वतःच गाडी काढायला तयार झाला. निघताना ललिताला म्हणाला, "गाईनं शिंग मारलं, असं सांगायचं. ध्यानात ठेव."

घाटातून गाडी उतरताना त्यानं गाणी लावली होती. मी पायलचे कान दाबून बसले, ललिता तेजूचे.

कानाच्या डॉक्टरीणबाई नाशिक रोडला बसतात. वयानं आमच्याएवढ्याच. त्यांनी आधी तो कापूस चिमट्यानं काढला, तेव्हा सुनीलनंही तोंड फिरवलं. नळीतून आत बघत त्या म्हणाल्या, "पडदा फाटलाय. मोठं भोक आहे. कशानं झालं?"

"गाईनं शिंग मारलं," सुनील म्हणाला.

"शिंगानं कान बाहेरून फाटतो. हा आतून फाटलाय." त्यांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. "ताई, तुम्ही सांगा."

ललिता तेजूच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत होती. ती सोडून तिनं मान वर केली. "गाय नाय. ह्यांनी मारलं."

बाईंनी ते लिहिलं. सुनील उठून दारापर्यंत गेला आणि परत आला.

मग त्यांनी मशीन हातात घेतलं, गुंडाळलेला दोरा बघितला. "हे कुणाचं?"

"मामांचं," ललिता म्हणाली. "वारले ते."

"अहो, पायात दुसऱ्याची चप्पल चालते. हे चालत नाही. ज्याचा कान जेवढा गेलाय, तेवढा आवाज मोजून यात भरलेला असतो. आणि वाहत्या कानात बोळा कोंबला तर आत कुजणारच. तेलही टाकलंय ना? आता काहीच टाकायचं नाही. थेंबभर पाणीही नाही. ही औषधं. पू थांबला की पडदा आपला आपण भरून येऊ शकतो, दोन-तीन महिने धीर धरा. नाही आला तर ऑपरेशन. तुम्हाला मशीन लागेलच असं नाही."

"आणि लागलं तर?" मी विचारलं.

"तर तपासणी करून, तिच्या मापाचं, आधी घालून बघून. घरात, बाजारात, गाडीत. बोलणं समजतं का ते बघायचं, नुसता आवाज मोठा येतो का ते नाही. बाजारात डबीतलं मिळतं ते घेऊ नका, फोनवरून मागवू नका. बिघडलं तर दुरुस्त करून द्यायला माणूस पाहिजे."

मी हळदीतल्या डीजेचं सांगितलं, तेव्हा बाईंनी तेजूला पाजून झोपवायला लावलं आणि तिच्या इवल्या डोक्याला तारा चिकटवून तिचे कान तपासले. ललिता तेवढा वेळ श्वास घेत नव्हती. पोरीचे कान चांगले निघाले. "यापुढं डीजेसमोर नेऊ नका," बाई म्हणाल्या, "दर वेळी नशीब चालत नाही." ललिता खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही. दोघींच्या पोरी झोपल्या होत्या, म्हणून आवाज न करता.

सुनील तेव्हा बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. बाई दारात आल्या. "तुम्ही काय काम करता?"

"शेती. आन डीजे. दहा वर्षं झाली."

"बसा बघू आत. तुमचेही बघू."

तो हसला. "माझे कान? वाघासारखे हायेत." पण बसला. काचेच्या खोलीत, कानांवर टोप्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. सुरुवातीला त्यानं पटापट दाबलं. मग थांबला. बसून राहिला, पाय हलवत. नखं बघितली. शेवटी वैतागून काचेतून म्हणाला, "चालू करा की बाई. दिवसभर बसू का?"

"कधीचं चालूच आहे," बाई म्हणाल्या.

सुनीलचं तोंड बघवत नव्हतं. बाईंनी सांगितलं, त्याचे दोन्ही कान बारीक आवाजाला गेलेत. बाईमाणसांचा, लेकरांचा आवाज आधी जातो, पाखरांचा जातो. आतल्या नसा जळल्या की परत येत नाहीत. हिचा पडदा भरेल, तुमचं भरायचं नाही. आता मशीन तुम्हाला लागेल. आणि डीजे सोडला नाही तर उरलंय तेही जाईल.

परतताना गाडीत गाणी लागली नाहीत.

सगळा राग दुसऱ्या दिवशी बाहेर पडला. लग्नाचा सीझन, ठरलेल्या सुपाऱ्या, आणि पोरं येऊन विचारतायत, सुनीलभाऊ, नाशिकला काय झालं. बातमी कुणी फोडली देव जाणे. ललिता अंगणात कांद्याच्या ढिगापाशी विळ्यानं पात कापत बसली होती, मागं झोळीत तेजू. मी माझ्या ओट्यावर पायलला भरवत होते. सुनील गोठ्याकडून आला तो पाण्याचा हंडा लाथेनं उडवतच.

"गावात सांगितलंस ना? सुनील बहिरा झाला म्हनून? डॉक्टरपुढं अब्रू घालवली ती पुरली नाय?"

ललिता पात कापत राहिली.

"तुझ्याशी बोलतोय." त्यानं पाटी उधळली. कांदे गडगडत झोळीखाली गेले. त्यानं हात उचलला. मालनबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या, सूप तसंच हातात राहिलं. नळावरच्या यशोदाबाईंनी कळशी भरू दिली नाही, नळ बंद केला.

ललिता उठली नाही. विळा तिच्या हातात होता, तो तिनं वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही. मान वर करून ती बोलली. हळू. झोळीतल्या लेकराची झोप मोडू नये अशी आई बोलते तशी.

सुनीलचा हात वर होता. त्याला तिचे ओठ हलताना दिसले, बाकी काही कळलं नाही. "काय?" तो म्हणाला. "काय म्हनली?"

ललिता पुन्हा पात कापायला लागली.

"आये, काय म्हनली ती?"

मालनबाईंनी इकडंतिकडं बघितलं. यशोदाबाई बघत होत्या. मी बघत होते. पलीकडं झिपरू बिडी विझवून उभा होता.

"काय नाय रे. जाऊ दे."

"आये, सांग. काय म्हनली?"

"म्हनती..." त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हनती, हात खाली घे. परत माझ्यावर न्हाय तर पोरीवर उठला, तर पहिला विळा मनगटावर बसंल. मंग डॉक्टरीनबाईनं लिवलेलं घेऊन मी चौकीत जाईन. आन आत्यांना साक्षीला नेईन."

सुनील आईच्या तोंडाकडं बघत होता, भुवया आक्रसून. हात अजून वरच.

"मोठ्यानं सांग ना, आये. ऐकू येत नाय."

मालनबाई उठल्या. पदर खांद्यावर घेतला, ओट्याच्या कडेला आल्या, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.