कापडाकडून मुळांकडे

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. साधीसुधी नव्हे, शिवणकामाची. माझ्या एका कडीत चार बोटे मावतात, दुसरीत फक्त अंगठा. एका कारखान्यात तापलेल्या पोलादातून माझी दोन पाती घडली आणि एका स्क्रूने जन्माची जोडली गेली. तिथून मी आले ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे.

आक्कांनी मला एकतीस वर्षे वापरले. शाळेचे गणवेश, लग्नाचे पोशाख, बाळांची झबली. काय काय कापले आम्ही! कागद कापायला कोणी मला उचलले, तर आक्का तिथूनच ओरडत, "ठेव ती खाली! कागदानं धार मरते तिची." गिऱ्हाइके कौतुक करू लागली, की त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "अर्धा मान हिचा." मला मूठभर मांस चढायचे, म्हणजे पोलादच म्हणा.

पुढे आक्कांची बोटे आखडू लागली. शिवणयंत्रावर खोळ चढली आणि मी टेबलाच्या खणात गेले, रिकाम्या रिळांच्या आणि सुट्या बटणांच्या संगतीला. दोन वर्षे मला कोणी विचारले नाही. माझ्या पात्यांवर गंजाचे ठिपके उमटले.

घरात आक्कांची सून होती. दोघींचे भांडण नव्हते, पण गप्पाही नव्हत्या. एकदा सुनेला कामासाठी दोन महिने परगावी जावे लागले. निघताना तिने आपले फुललेले ऑर्किड त्याच टेबलावर, खिडकीशी ठेवले. "आई, हे तुमच्यावर सोपवून जाते. आठवड्यातून एकदाच पाणी द्या."

आक्कांनी जन्मात झाड लावले नव्हते. आठवड्यातून एकदाच? बिचारे तहानेने मरायचे! त्या रोज सकाळी त्याला पेलाभर पाणी देऊ लागल्या. महिन्याभरात पाने सुरकुतली. त्यांनी दोन पेले सुरू केले. पाने आणखीच लोंबली. एक पिवळे होऊन गळाले, तेव्हा आक्कांच्या तोंडचे पाणी पळाले. सून परतायला बाराच दिवस उरले होते.

त्यांनी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माळीकाकांना घरी बोलावले. काकांनी कुंडीला नाक लावले.

"आक्का, याला पाणी कमी नाही, जास्त झालंय. मुळं कुजलीत. मुळांनी पाणी ओढलंच नाही, तर पानांना मिळणार कुठून?"

"मग आता?"

"झाड काढून मुळं बघायची. धारदार कात्री आहे?"

आक्का टेबलाकडे वळल्या. मग खण उघडला. दोन वर्षांनी माझ्यावर उजेड पडला!

आक्कांनी मला दगडावर घासले. काकांनी उकळत्या पाण्यातून काढायला लावले, म्हणजे माझ्या अंगचा रोग झाडाला लागायला नको. पण झाड हातात घेतल्यावर आक्का थबकल्या. "काका, तुम्हीच कापा. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं. हे चुकलं तर?"

"झाड तुमच्यावर सोपवलंय. आणि नाही कापलंत, तर ते जाणारच."

आक्का एकेक मूळ चिमटीत धरून पाहू लागल्या. घट्ट, हिरवट किंवा चंदेरी असेल ते ठेवायचे. तपकिरी आणि लिबलिबीत असेल ते कापायचे. कुजलेले मूळ दाबले, की त्याची साल निसटे आणि हातात नुसता दोरा उरे. आखडलेली बोटे दुखत होती, पण एकही काप वाकडा गेला नाही. शेवटी पाच मुळे शिल्लक राहिली.

"आणि फुलं?" आक्कांनी हळूच विचारले. दांड्यावर अजून दोन होती.

"पाच मुळांना फुलं पोसवायची नाहीत."

आक्कांनी डोळे पुसले आणि दांडा कापून पेल्यातल्या पाण्यात ठेवला. मग भोकाभोकांच्या पारदर्शक कुंडीत झाड बसले, भोवती झाडाच्या सालीचे तुकडे, अगदी सैल. पाच दिवस पाणी बंद. नंतर मुळे चंदेरी दिसली, की पाणी द्यायचे आणि ते सगळे निथळू द्यायचे. मुळे हिरवी असली, तर थांबायचे.

सून आली. फुले पेल्यात पाहून तिचा चेहरा उतरला.

"तू सांगितलं होतंस, तरी मी रोज पाणी घातलं," आक्का म्हणाल्या. "मुळं कुजली. मीच कापली."

सुनेने कुंडी उजेडात धरली आणि बराच वेळ मुळे पाहिली. "आई, माझी आधीची दोन ऑर्किडं अशीच गेली. कापायला हात धजावला नाही, म्हणून फेकून दिली मी." मग ती खुर्ची ओढून बसली. "मला शिकवाल?"

त्या दुपारी दोघी इतक्या बोलल्या, की चहा दोनदा गार झाला. दीड महिन्याने बुंध्यातून एक नवे मूळ डोकावले, हिरव्यागार टोकाचे. सुनेने आक्कांना हाक मारली ती शेजाऱ्यांनाही ऐकू गेली. आता शेजारीपाजारीही आपली ऑर्किडे घेऊन येतात. काम झाले, की सून मला पुसून कोरडी करते आणि स्क्रूत तेलाचा थेंब सोडते. मी सुखात आहे.

मित्रांनो, माया जरूर करा. पण पान सुकलेले दिसले, तर पेला उचलण्याआधी मुळे बघा. ज्याला आपण जपतो, त्याला काय हवे आहे हे त्यालाच विचारावे लागते.