अक्कांच्या गळ्यातला पास

मी पास बोलतोय. एसटीचा नव्हे, तो बिचारा कामावर जाणाऱ्यांच्या खिशात घामेजून जातो. मी मौजमळ्याचा वर्षाचा पास. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालात की कपाशीच्या शेतांमागून अचानक एक मोठा आकाशपाळणा डोकं वर काढतो, तोच मौजमळा. वर्षभर कितीदाही या, कशावरही बसा, असा माझा रुबाब. बाकीची कार्डं पाकिटात कुजतात. मी मात्र जन्मलो तो झुलायलाच.

माझा जन्म तिकीटखिडकीतला. रोशनी नावाची शिरपूरकडची मुलगी तिथे बसते. तिच्या यंत्रातून मी गरमगरम बाहेर पडलो तेव्हा माझ्या पोटावर काळ्या रेघा होत्या आणि तोंडावर एका बाईंचा फोटो. फोटो हललेला, पण त्यात दात मात्र स्पष्ट दिसत होते. त्या बाई म्हणजे शेवंताबाई, माझ्या मालकीण. घरात आणि गावात सगळे त्यांना अक्का म्हणतात.

झालं असं, की अक्का बचत गटाच्या सहलीत पहिल्यांदा मौजमळ्यात आल्या. सगळ्या बायका मोठ्या जहाजावर बसल्या. जहाज म्हणजे तोच तो नावेसारखा भलामोठा झोपाळा, जो पुढे-मागे झुलत झुलत पार आभाळाला टेकायला जातो. उतरल्यावर कुणी डोकं धरून बसली, कुणी देवाची माफी मागितली. अक्का काही उतरेनात. जहाजवाल्याने हात जोडले तेव्हा खाली आल्या आणि तडक खिडकीशी जाऊन त्यांनी पदराची गाठ सोडली.

"अक्का, फोटो काढतेय. हलू नका," रोशनी म्हणाली.

"मी नही हली राह्यनी वं बाई. तुनं दुकान हली राह्यनं," अक्का म्हणाल्या.

तेव्हाचा हा फोटो. पुढे फाटकावरचा पहारेकरी मला बघायचा, अक्कांना बघायचा आणि म्हणायचा, "अक्का, जरा हसा, म्हणजे जुळेल." अक्का हसायच्या, यंत्र हिरवं व्हायचं, टुंग करायचं, आणि आमची स्वारी आत.

काय सांगू तुम्हाला ते दिवस! अक्कांच्या गळ्यात आधी मंगळसूत्र होतं, तुळशीची माळ होती, त्यात निळ्या फितीला लटकलेला मी. राईड सुरू झाली की आमच्या तिघांची झोंबाझोंबी. माळ मला मारायची, मी मंगळसूत्रात अडकायचो. रोलर कोस्टरच्या उतारावर तर मी थेट अक्कांच्या तोंडात गेलो होतो. त्यांनी मला दातांत धरून ठेवलं म्हणून वाचलो. त्या खुणा अजून आहेत अंगावर.

इतके महिने झुलल्यामुळे माझी मतं फार पक्की झाली आहेत, ती ऐकून घ्या. जहाजावर मध्ये बसणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. बसायचं ते मागच्या बाकावर. ब्रेक डान्स या राईडवर भरीत-भाकरी खाऊन कधी बसू नये. तुमचं जे व्हायचं ते होईल, शेजारच्याचा काय दोष? रांगेत उभं राहायचं तर दुपारी, सगळे जेवायला गेले की. घाईवाल्यांसाठी जादा पैशाची वेगळी रांग असते, पण मी बघितलंय, त्या रांगेतली माणसं राईडवरही घाईतच असतात. उतरल्या उतरल्या विचारतात, पुढची कुठली? आणि फोन हातात धरून बसणारे तर मला मुळीच आवडत नाहीत. पैसे भरून हवेत जायचं आणि तिथे जाऊन स्वतःचंच तोंड बघायचं, हे कुठलं शहाणपण?

भूतबंगल्याबद्दल मात्र मी बोलणार नाही, कारण अक्कांनी त्याची सगळी भीती घालवली. अंधारात भूत अंगावर आलं की बाकीचे किंचाळायचे. अक्कांनी त्याला हाताला धरून थांबवलं.

"पानी पिधं का रे भाऊ? कितला घाम उना तुले."

तेव्हापासून आम्ही आत शिरलो की भूत मुखवटा वर करून नमस्कार करायचं.

पण सगळं फिरून झालं की अक्का शेवटी जहाजापाशीच यायच्या. त्याचं कारण आखाजी. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला दोर बांधतात आणि झोके घेत गाणी म्हणतात. कुणाचा झोका उंच जातो यावर पैजा लागतात. लहानपणी अक्कांचा झोका शेंड्याची पानं तोडून आणायचा म्हणे. पुढे आईवडील गेले, भाऊ शेत विकून सुरतेला गेला, आणि रस्ता रुंद करताना तो निंबही गेला. माहेर मिटलं तसा झोकाही मिटला. सासरच्या गावातले झोके गावच्या लेकींचे, सुनांचे नव्हेत. म्हणून आखाजीला अक्का पुरणपोळ्या लाटायच्या आणि गल्लीतली गाणी घरातूनच ऐकायच्या. किती वर्षं, ते त्यांनी कधी मोजलं नाही.

जहाजावरून उतरून त्या खिडकीतल्या रोशनीला एकदा म्हणाल्या होत्या, "हाऊ मना माहेरना झोका शे. यंदानी आखाजी मी आठेच करसू."

बस्स, घरी सुनेलाही सांगितलेली त्यांची इच्छा तेवढीच, आखाजी इथेच जहाजावर करायची. आणि तिच्यात आडवा आला त्यांचाच लेक हितेंद्र.

हितेंद्र मनाने वाईट नाही. पारोळ्यात त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि दुकानदाराला चार माणसांची भीड असते. कुणीतरी जहाजावरच्या अक्कांचा व्हिडिओ काढला. दोन्ही हात वर, पदर आभाळात, तोंड उघडं, आणि मी त्यांच्या कानाशी फडफडतोय. मला विचाराल तर मी फारच देखणा आलो होतो. तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला आणि गिऱ्हाईकं खताची गोणी उचलता उचलता हितेंद्रला विचारू लागली, "काय भाऊ, आई उतरनी का खाले?"

संध्याकाळी तो लालबुंद होऊन घरी आला.

"अक्का, बठ्ठा गाव हासी राह्यना."

"हासू दे. मी बी हासीच राह्यनी व्हती."

"अन् कंबर मोडनी तर?"

हितेंद्रने मला त्यांच्या गळ्यातून काढलं आणि लोखंडी कपाटात आतल्या खणात ठेवून दिलं. अक्कांनी हात वर करून अडवलंही नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

कपाटातले दिवस विचारू नका. शेजारी सातबारा, तो स्वतःला राजा समजणारा. खाली विम्याची पॉलिसी. तिला म्हटलं, चल थोडं झुलू. ती म्हणाली, "माझा उपयोग माणूस गेल्यावर होतो." अशा संगतीत माझ्यासारख्याने काय बोलावं? वर उन्हाळा असा, की माझी एक कड वाकली. आखाजी जवळ आली, हे मला रोज उघडणाऱ्या कपाटावरून कळत होतं, कारण हेमलता एकेक साडी काढून पिशवीत भरत होती.

हेमलता हितेंद्रची बायको, शिरपूरची. कमी बोलणारी, कामाला चटपटीत. गेल्या दिवाळीत तिची आई वारली. तरी आखाजीला भाऊ नेईल, या भरवशावर तिची पिशवी भरलेली होती. मग एका दुपारी फोन आला. भाऊ म्हणाला, यंदा आम्ही बायकोच्या माहेरी चाललोय, तू पुढच्या वर्षी ये. हेमलता "बरं" म्हणाली. फोन ठेवला आणि एकेक साडी परत कपाटात ठेवू लागली. शेवटची ठेवताना तिचा हात माझ्याजवळ आला आणि तिथेच थांबला. दारात अक्का उभ्या होत्या. माझ्या फोटोतल्या हसऱ्या तोंडाकडे दोघींनी बघितलं.

आखाजीचा दिवस उजाडला. घागर पुजली, खापरावरच्या पोळ्या झाल्या, आमरस झाला. बाहेर गल्लीतल्या लेकींनी निंबाला दोर बांधले आणि गाणी सुरू झाली. हेमलता भांडी घासता घासता उठली, हात पुसले, कपाट उघडलं आणि मला उचलून अक्कांच्या गळ्यात घातलं.

"चला, अक्का."

"अन् तू?"

"मी बाकडावर बससू. चपला सांभाळसू."

"आखाजीले बाकडावर कोन बसस वं?" अक्का म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

ओट्यावर हितेंद्र बसला होता. माझा जीव फितीला टांगलेला. आता हा काय म्हणतो? त्याने आधी मला बघितलं, मग आईला.

"कोठे?" त्याने विचारलं.

"अक्कासले माहेरले ली जास," हेमलता म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज जरासुद्धा हलला नाही.

हितेंद्र बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचं माहेर यंदा बंद झालंय, हे त्याला तेव्हा लागलं असावं. तो आत गेला, गाडीची किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "एष्टीमा गर्दी राही."

मौजमळ्याच्या खिडकीशी अक्कांनी ठणकावून सांगितलं, जोडीचा पास पाहिजे.

"आबा कुठेत?" रोशनीने अक्कांच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"त्यासले घरना बंगईना झोकावर बी चक्कर येस. मनी जोडी हाई शे." आणि त्यांनी हेमलताला पुढे केलं.

रोशनी म्हणाली, जोडी म्हणजे नवरा-बायको. मग तिने काचेला चिकटवलेला नियमांचा कागद स्वतःच वाचायला घेतला, आणि वाचता वाचता थांबली. त्यावर लिहिलं होतं, एकाच घरातील दोन व्यक्ती. नवरा-बायको असं कुठेच नव्हतं. ते सगळ्यांनी आपापल्या मनाने धरलेलं. एवढी वर्षं जोडी म्हणून पास देत असताना तिच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तिला हसू फुटलं.

"होईल अक्का. फक्त जुना पास मला कापावा लागेल."

हे ऐकून माझ्या काळ्या रेघा पांढऱ्या व्हायच्या बाकी राहिल्या. अक्कांनी मला हातात घेतलं, माझ्यावरचे दातांचे व्रण अंगठ्याने चाचपले. खरं सांगतो, मला वाटलं त्या नाही म्हणतील. आणि खरं सांगतो, त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला त्यांची लाज वाटली असती.

"कापी टाक," अक्का म्हणाल्या. "पन माले वापस दे."

कात्रीने माझा रेघांकडचा एक कोपरा कापला. दुखेल असं वाटलं होतं, पण नुसत्या गुदगुल्या झाल्या. मी मेलो तो असा, हसत हसत. नव्या पासावर दोघींचा फोटो आला आणि अर्थात तोही हललेला. मला अक्कांनी पुन्हा गळ्यात घातलं, कान कापलेल्या बोक्यासारखा.

मग जहाज. मागचा बाक. एका कडेला अक्का, मध्ये मी, शेजारी दांडा घट्ट धरून डोळे मिटलेली हेमलता. खाली बाकड्यावर चपला मांडीशी घेऊन बसलेला हितेंद्र. त्याच्या दुकानातली दोन गिऱ्हाईकं तिथेच रांगेत उभी होती, पण तो काही उठला नाही. घंटा झाली. जहाज हललं, मग झुललं, मग भुर्रकन वर. नांगरलेली रानं खाली, रस्ता खाली, पारोळ्याकडचे टॉवर खाली. माझी फीत फडफड करू लागली. जहाज टोकाला जाऊन एक क्षण अडकलं आणि तिथून खाली सुटलं, तेव्हा हेमलताच्या तोंडून निघालं,

"माय वं!"

तिने कुणाला हाक मारली नव्हती. भीतीने आपण सगळेच तसं ओरडतो. पण शेजारून अगदी घरातल्या आवाजात उत्तर आलं,

"काय वं बेटा? आठेच शे मी."

हेमलताने डोळे उघडले. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांना अक्का म्हणत आलेली. जहाज पुन्हा वर गेलं, आणि या वेळी ती मुद्दाम, सगळा मौजमळा ऐकेल एवढ्याने ओरडली, "माय वं!" अक्का म्हणाल्या, "शे, शे." मग प्रत्येक झोक्याला तेच. ती हाक मारायची, या ओ द्यायच्या. दोघी हसत होत्या की रडत होत्या, हे मलाही कळलं नाही, आणि मी तर दोघींच्या मधोमध होतो.

आता मी स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो. फाटकावरचं यंत्र मला ओळखत नाही. नवा पास जरा शिष्ट आहे, पण आठवड्याला फिरून येतो आणि सगळं सांगतो. माझी तक्रार काही नाही. वाऱ्याने मीही थोडा झुलतोच.

तुम्हाला एकच सांगतो आणि रजा घेतो. तुमच्या घरात कुणाचं माहेर मिटलं असेल तर तिला खाली चपला सांभाळायला बसवू नका. मागच्या बाकावर बसवा. आणि तिने हाक मारली, तर ओ द्यायला शेजारी तुम्ही बसा.