गवंड्याच्या घरची भिंत

कांद्याच्या वाफ्यात आत्या खुरपत होती आणि शेतमालकाशी भांडत होती. हात थांबत नव्हता, तोंडही थांबत नव्हतं. मालकाचं म्हणणं, तू उशिरा आलीस, अर्धा रोज धरणार. तिचं म्हणणं, उशिरा आले तरी तुझ्या बाकीच्या बायांच्या पुढं निघून गेले, डोळे उघडून बघ. मी बांधावर चिखलात उभा होतो. भांडणाऱ्या दोघांच्या मधे शिरून बोलायचं कसं, ते मला या वयातही जमलेलं नाही. शेवटी तिनंच मान वर केली.

"काय दादा, बुजगावण्यासारखे उभे का?"

मी सांगितलं, कचेरीतून निरोप आलाय, उद्या सकाळी साहेब घर बघायला येणार. तिनं खुरपं पदरानं पुसलं, मालकाला म्हणाली, "धर तुझा अर्धा रोज," आणि चालायला लागली.

आत्या याच गावची लेक. नवरा गेल्यावर तान्हं पोर घेऊन माहेरी आली, म्हणून ती साऱ्या गावाची आत्या. पोराला गवंड्यांच्या हाताखाली घातलं. थापी हातातून सुटायची नाही, म्हणून त्याचं नावच थाप्या पडलं. शहरात एका इमारतीच्या परांचीवरून तो पाठीवर पडला. कमरेखाली काही कळेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या, कोरड्या जागी निजवा. आणि नेमक्या त्याच पावसात आत्याच्या मागच्या खोलीची भिंत बसली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हा असा. पुढच्या खोलीत चूल, पाण्याचे हंडे आणि दार. तिथं खाट मावत नव्हती. थाप्याला निजवायचं तर मागच्याच खोलीत, आणि मागची खोली उघडी.

घर पडलेल्यांना कचेरीतून मदत मिळते. एकदाच मिळते. माझं वाचनालय तिच्या शेजारी, त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बरेच कागद फाडले. शब्द जास्त झाले की खोटं वाटे, कमी झाले की कोरडं. मुलाबद्दल दोन ओळी लिहिल्या तर आत्या म्हणाली, "त्याचं नका लिहू. भिंतीचं लिहा. भिंत कुणाचीही पडते." मी त्या ओळी खोडल्या.

शेतातून आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. त्या दिवशी कामं बंद होती. थाप्याबरोबर काम करणारे गवंडी मिस्त्रीला पुढं घालून दारात उभे होते. मिस्त्रीनं मागं जाऊन भगदाड पाहिलं. आत्यानं त्यावर जुनं लुगडं बांधलं होतं, ते वाऱ्यानं फुगत होतं.

"हे उद्या साहेबाला दाखवायचं?" मिस्त्री म्हणाला. "गवंड्याच्या घराला भोक? तो जाऊन सांगेल, त्या गावचे गवंडी आपल्याच माणसाची भिंत उभी करत नाहीत."

मी भीत भीत म्हणालो, मिस्त्री, पडलेली भिंतच तर त्यांना बघायची आहे.

"काका, अर्जात लिहिलंय ना तुम्ही, पडली म्हणून? मग झालं. तुमचं अक्षर एवढं चांगलं. आत्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. पैसे आले की हीच पाडून पक्की बांधू."

मला वाटलं, असेलही. घराबद्दल त्यांना माझ्याहून जास्त कळतं. आत्याही आधी नाही नाही म्हणत होती. पण परका माणूस येणार, त्यानं लुगडं बांधलेल्या घरात बसायचं, हे तिलाही खात होतंच. तिनं भगदाडावरचं लुगडं काढून घेतलं, आणि गवंड्यांनी बाह्या सरसावल्या.

पाया खणायला वेळ नव्हता. ओल्या जमिनीवरच अर्ध्यामुर्ध्या विटा बसवल्या, पडलेल्या भिंतीचीच माती कालवली. पण हात त्यांचे होते. एकजण थाप्याच्या नकला करत होता, थाप्या बांधकामाच्या मालकाला कसा टोलवायचा ते सांगत होता, आणि आत्या कितीतरी दिवसांनी हसत होती. तिनं स्वतः गिलावा सारवला, वरून चुना दिला. दिवस मावळला तेव्हा भिंत अशी दिसत होती, की तशी गावात दुसरी नव्हती.

साहेब सकाळी आला. वयानं लहान, बुटांना चिखल, चेहऱ्यावर आधीच्या चार गावांचा शीण. माणूस वाईट नव्हता. आत्यानं शेजारची खुर्ची आणून ठेवली होती, ती त्यानं कौतुकानं बघितली, पण बसला नाही. मागच्या खोलीत गेला, भिंतीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, परत भिंतीकडं.

"पडलेली कुठली?"

"हीच," आत्या म्हणाली.

"ही तर उभी आहे."

मी पुढं झालो. सगळं एका दमात सांगितलं, की परवापर्यंत इथं भगदाड होतं, काल या लोकांनी नुसती दिसायला उभी केली, हिला पाया नाही. माझा आवाज कापत होता, त्यामुळे खरंही खोट्यासारखं ऐकू येत असावं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, काका, मला दिसतं ते लिहावं लागतं. आणि भिंतीचा फोटो काढला.

तेव्हा दारात उभ्या मिस्त्रीच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड उतरलं. तो आत घुसला.

"साहेब, ही खोटी भिंत आहे. एका लाथेत पाडून दाखवतो."

"पाडलीत, तर तुम्ही पाडली असं लिहीन."

मिस्त्रीचा उचललेला पाय तसाच खाली आला. आत्यानं विचारलं, दुसरा अर्ज केला तर? साहेब म्हणाला, निकाल एकदाच लागतो. आत्यानं दिलेलं पाणी तो प्यायला, भांडं दोन्ही हातांनी परत दिलं आणि गेला. जाताना एवढं बोलला, की भिंत छान बांधली आहे.

मिस्त्री ओट्यावर डोळे पुसत बसून राहिला. आत्या त्याला रागावली नाही. उलट त्यालाच म्हणाली, "ऊठ, जेवून जा. मायेनं केलंस. मायेला कुठं डोकं असतं?" त्यावर तो जास्तच रडला.

थाप्याला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. चौघांनी खाट उचलून मागच्या खोलीत ठेवली. सगळे गेल्यावर तो बराच वेळ भिंतीकडं बघत होता.

"कोणी बांधली?"

"तुझ्याच माणसांनी."

"घाईत बांधली." खरं तर त्याला आणखी बरंच दिसलं असणार. गवंड्याला भिंतीत काय दिसतं, ते मला कसं सांगता येईल?

वाचनालयात खोली रिकामी होती, कोरडी होती. तिथं राहा, असं मी सुचवलं. थाप्या म्हणाला, "काका, जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. आता पडायचं ते आपल्या घरात." 'पडायचं' हा शब्द त्यानं कुठल्या अर्थानं वापरला, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मिस्त्रीनं बाहेरून लाकडांचे टेकू लावले. पाया खणायचा तर पाऊस उघडायला हवा, आणि दगड, सिमेंट कोण देणार, हे कुणी बोललं नाही.

पाऊस उघडला नाही. भिंतीच्या बुडाशी ओल चढायला लागली, चुना फुगून पापुद्रे सुटले. एका दुपारी जोराची सर आली म्हणून मी पोतं डोक्यावर घेऊन तिकडं गेलो. थाप्याला झोप लागली होती. आत्या खाट आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, पाय खाटेच्या लाकडाला रेटलेले.

मी हळूच म्हणालो, आत्या, पाठ लावून भिंत थांबत नसते.

"ठाऊक आहे, दादा," ती म्हणाली. "पण हलली तर आधी मला कळेल."

पोरगा जागा होऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली होती. मी पोतं तिच्या खांद्यावर टाकलं. आणखी काय करायचं ते सुचेना, म्हणून मीही शेजारी बसलो आणि पाठ टेकली. भिंत गार होती.