गोनच्या लेकीचा वाटा

रानडुकराला जो कुत्रा आधी अडवील, त्याला त्याच डुकराचा कच्चा गुर्दा धन्याने आपल्या हाताने भरवायचा, ही मियाझाकीच्या डोंगरातल्या नासू घराण्याची रीत. तेत्सुझो नासूने ती सात वर्षं इमानाने पाळली. आज तो जनावरांच्या दवाखान्यात आपल्या कुत्र्याचं, गोनचं डोकं धरून उभा होता. गोनचे डोळे, हिरड्या, पोटाची कातडी, सगळं हळदीसारखं पिवळं पडलं होतं.

"चार दिवस काय करत होतात, काका?" सलाईन सारखं करत डॉक्टर ओगाता म्हणाली.

"म्हटलं, दमला असेल. पळणारा गडी तो."

"पळून कुणी पिवळं होतं का? लेप्टो आहे हा. पेनिसिलिन चालू आहे, पण कालपासून लघवीचा थेंब नाही. आणि आधी हातमोजे घाला! तुम्हालाही होईल."

"दरवर्षी त्याला सुई टोचून घेतो की."

"ती पिसाळण्यावरची. याची लस वेगळी." तिने हातमोज्यांचा जोड त्याच्यापुढे सरकवला. "रानडुकरात असतात हे जंतू. गुर्द्यातच घर करतात."

तेत्सुझोला पुढचं सांगावं लागलं नाही. रीतीला बोल लावावा, तर बाप-आजा आडवे येतात. अशा वेळी माणसाला शिव्या द्यायलाही कुणी सापडत नाही, स्वतःखेरीज.

दुपारी गोन गेला. तेत्सुझोने त्याला आपल्या शिकारीच्या कोटात गुंडाळून छोट्या ट्रकच्या मागे ठेवलं.

"त्याची लेक आहे ना घरी? सुझू?" डॉक्टर म्हणाली. "तिला कच्चं काही देऊ नका. चुकून खाल्लंच, तर लगेच आणा. लवकर औषध सुरू केलं तर जगतात."

ट्रक अंगणात शिरताच तेत्सुझोची बायको सायो धावतच आली. मनगटापर्यंत हात रक्ताने माखलेले.

"अहो, ऐकलंत का! शिकारीची मंडळी सकाळी सुझूला घेऊन गेली, अन् पोरीने पहिल्याच खेपेला डुक्कर अडवलं! तुम्ही नव्हतात, म्हणून गुर्द्याचा वाटा मीच भरवला. म्हटलं, रीत मोडायला नको. गोनला आधी सांगते..." तिने ट्रकमागे कोटाची गुंडाळी पाहिली.

सुझू तेत्सुझोच्या पायाशी घोटाळत जिभल्या चाटत होती. त्याने तिला उचलून ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवलं. मग त्याची नजर सायोच्या अंगठ्यावर गेली. सुरी लागली म्हणून बांधलेली चिंधी रक्ताने भिजली होती, आणि ते रक्त तिचं किती नि डुकराचं किती, कोण सांगणार?

"हात साबणाने धू," तो म्हणाला. "आणि तूही बस."