चौथं कडवं

गायक राजरत्न आपलं नाव खातोय, हे रवींद्रच्या डोक्यात बायकोने घातलं. तशी दर्शना चुगलखोर नव्हती. कल्याणला माहेरच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला गेली होती, आणि घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "तुमचं गाणं झालं, पण तुमचं नाव नाही आलं." एवढ्यावर रवींद्रची दहा दिवसांची झोप उडाली.

गोष्ट तशी लहान नव्हती. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. गायकाला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात, आणि लिहिणारा घरी बसलेला असतो. त्याची जागा काय ती त्या एका ओळीपुरती. रवींद्र डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. वीस वर्षांत त्याने चाळीसेक गाणी लिहिली, त्यातलं लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच. 'पाटीवरचं अक्षर पुसलं, मनावरचं पुसवेना.' तीन कडवी एका बाईची, जी म्हातारपणी रात्रशाळेत जाऊन आपलं नाव लिहायला शिकते. आणि चौथ्यात, 'रवींद्र म्हणे, भीमाचं अक्षर काळालाही पुसवेना.'

पुढच्या आठवड्यात राजरत्न हे गाणं स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड करणार होता. तिथे जे नाव गायलं जाईल तेच कायमचं राहणार. म्हणजे आत्तापासून लोकांना नावाशिवाय ऐकायची सवय लावायची, आणि मग हळूच स्वतःचं घुसवायचं. असा डाव रवींद्रने राजरत्नच्या वतीने स्वतःच आखला आणि त्यावर स्वतःच संतापला. बालपणापासूनचा मित्र, कोलशेतच्या एकाच चाळीत वाढलेला, म्हणून राग दुप्पट.

एप्रिलचा शेवटचा रविवार होता. त्या एका दिवशी राजरत्नच्या गायन पार्टीचे तीन कार्यक्रम होते, सकाळी कल्याण, दुपारी डोंबिवली, संध्याकाळी कोलशेत. रवींद्रने शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळी आठला इको गाडीपाशी हजर झाला. "म्हटलं, तुम्हाला हातभार लावू थोडा. स्पीकर उचलायला माणूस लागतोच की." ढोलकीवाला दौलत खूश झाला. "आज कवी स्वतः आलेत," म्हणाला. राजरत्न मात्र पुढचं दार उघडत म्हणाला, "बस ना. पुढे बस." पुढे का बसवतोय, मागे काय बोलायचंय यांना, हे रवींद्रने लगेच टिपून ठेवलं.

कल्याणला मैदानात मांडव होता. माणसं भरपूर, पुढे लहान मुलं निळे फेटे बांधून बसलेली. गाणं चौथ्या नंबरवर आलं. पहिल्या ओळीलाच बायकांच्या रांगेतून साथ आली, आणि रवींद्रला अभिमानाने भरून आलं, नाही म्हटलं तरी. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दौलतने ठेका दुप्पट केला, राजरत्नने हात वर करून "जय भीम" म्हटलं, आणि पुढचं गाणं सुरूही झालं.

"चौथं राहिलं रे," गाडीत सामान चढवताना रवींद्र सहज बोलल्यासारखं बोलला.

"आयोजक घड्याळ दाखवत होते यार."

आयोजक तेव्हा मांडवामागे इडली खात उभे होते. रवींद्रने डोळ्यांनी पाहिलेलं. पण अजून दोन कार्यक्रम होते, आणि त्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

डोंबिवलीत हॉल होता, पंखे होते, जेवणही होतं. पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी. राजरत्नने आपल्या पानातली जिलबी उचलून रवींद्रच्या पानात टाकली. लहानपणी तो असंच करायचा, पण आज रवींद्रला ती लाच वाटली. त्याने ती खाल्ली मात्र. मग हात धुवायला गेला तेव्हा भिंतीपलीकडून दौलतचा आवाज आला. "संध्याकाळी पण तीनच?"

"हळू बोल," राजरत्न म्हणाला. "बघू तिथे गेल्यावर."

रवींद्रने नळ तसाच चालू ठेवला. अंगाचा नुसता भडका उडाला होता. म्हणजे ढोलकीवाल्यालाही माहीत आहे. फक्त ज्याचं नाव, त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

दुपारच्या कार्यक्रमात तिसरं कडवं संपलं आणि राजरत्न बाटली उचलून पाणी प्यायला. "घसा धरलाय जरा," माईकवरच सांगितलं, लोक हसले. मग त्याच धरलेल्या घशाने त्याने पुढचं गाणं काळी पाचमध्ये, अगदी वरच्या पट्टीत म्हटलं. रवींद्र मागच्या खुर्चीवर बसून होता आणि टाळी वाजवायला त्याचे हात उठले नाहीत.

माणकोलीच्या नव्या पुलावर गाडी चढली तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. खाली खाडी लांबवर चमकत होती. मागे दौलत ढोलकीला टेकून झोपला होता, किंवा झोपल्याचं दाखवत होता.

"नाव कोणाचं टाकणारेस?" रवींद्र म्हणाला.

राजरत्न गाडी चालवत होता. त्याने विचारलं नाही की कसलं नाव. "कोणाचंच नाही."

"खोटं बोलू नको. सकाळपासून बघतोय मी. दहा दिवसांपासून माहितीय मला. रेकॉर्डिंग आहे म्हणून माझं नाव काढतोयस ना? लहानपणापासून दोस्त म्हणवून घेतलंस. सरळ सांगितलं असतंस तरी चाललं असतं." हे शेवटचं खरं नव्हतं.

पूल संपला, गाडी हायवेला लागली, तेव्हा राजरत्न म्हणाला, "आई आलीय माझ्याकडे. महिना झाला. भाऊ बदली होऊन गेला ना नागपूरला."

"मग?"

"तिने मोबाईलवर ऐकलं गाणं, कुणीतरी कार्यक्रमात काढलेला व्हिडिओ. आधी कधी ऐकलंच नव्हतं, गावाला कुठून ऐकणार. मांडीवर फोन घेऊन पूर्ण ऐकलं. शेवटी तुझं नाव आलं. तर म्हणाली, आपला रवी का हा? म्हटलं, हो. तर म्हणे, बरं केलं, कुणीतरी लिहून ठेवलं."

रवींद्रने सीटबेल्ट सैल केला.

"त्या दिवसापासून तुझं नाव माझ्या तोंडातून निघत नाय," राजरत्न म्हणाला. "आज ती समोर बसणारे. सकाळपासून बघत होतो, ते न घेता गाणं संपतं का. संपत नाय. लंगडं वाटतं."

"तुला... आधीपासून माहीत होतं?"

"माझीच आई आहे ना रे. तू वही घेऊन आलेलास त्याच दिवशी ओळखलं. चाळीच्या नळावर कपडे धुताना म्हणायची ती, स्वतःच जुळवून. तू पण असायचास बादली घेऊन."

"मग गायलास कशाला वीस वर्षं?"

"तू इतका खूश होतास."

रवींद्र काचेबाहेर बघत राहिला. नळ होता, साबणाचा फेस होता, रात्रशाळेतून शिकून आलेली राजरत्नची आई, विमलाबाई होती आणि तिचा जरा घोगरा आवाज होता. सगळं जागच्या जागी होतं. हे आपल्याला सुचलं, असं तो जगाला सांगता सांगता स्वतःला इतक्या वेळा सांगून बसला होता की आता त्यालाही ते खरंच वाटायचं. त्याचं असं चौथंच कडवं होतं, आणि त्यात मुख्यतः त्याचं नाव होतं. दिवसभर दुसऱ्याच्या खिशात शोधलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी, तशी त्याची गत झाली. लाज वाटली, सरळ लाज वाटली.

कोलशेतला सोसायट्यांच्या मधल्या जुन्या वस्तीत स्टेज बांधला होता. विमलाबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. शेजारी नात प्रियांका. रवींद्र पाया पडायला वाकला, तर तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती बारीक झालास रे. बायको जेवायला घालत नाय का?" त्या हातात राग आहे की काय, हे तो शोधत राहिला. काहीच सापडलं नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. हिला सगळं समजलंय आणि हिने माफ केलंय, की हिला ते गाणं आपलं होतं असं कधी वाटलंच नाही? विचारायची हिंमत नव्हती.

गाणं सुरू झालं. विमलाबाईचे ओठ हलत होते, आणि राजरत्नच्या अर्धी ओळ पुढे होते. तिसरं कडवं संपलं. राजरत्न थांबला. दौलतने ठेका तसाच धरून ठेवला. राजरत्नने रवींद्रकडे पाहिलं आणि माईक थोडासा पुढे केला. बोलावत नव्हता, अडवतही नव्हता.

रवींद्र स्टेजवर चढला. त्याचा आवाज मुळात बरा नव्हता. त्याने माईक धरला आणि म्हटलं,

"विमला म्हणे, भीमाचं अक्षर काळालाही पुसवेना."

मात्रा चोख बसली. दौलतने सम गाठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, रोज वाजवतात तेवढ्याच. एकाही माणसाने मान वळवली नाही, एकानेही विचारलं नाही की नाव कसं बदललं. ज्या नावासाठी त्याने दहा रात्री तळमळून काढल्या, ते गेलं आणि मांडवात कुणाला पत्ताही लागला नाही.

फक्त पहिल्या रांगेत विमलाबाई पुढे वाकली होती, हात कानामागे धरून. तिने नातीला काहीतरी विचारलं. प्रियांकाने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मग तोच हात स्टेजकडे करून म्हणाली,

"परत म्हण रे. नीट ऐकू नाय आलं."

रवींद्रने परत म्हटलं.