तांदळात लिहिलेलं नाव

"मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचंय, की शारदा आणि उल्का एकच आहेत," पेन्शन ऑफिसातली शिव्हॉन फोनवर म्हणाली. "एवढं झालं की फाइल पुढे जाईल."

मी आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये उभा होतो. हातात उल्काच्या कपड्यांची पिशवी होती.

"ती आज सकाळी वारली," मी म्हणालो.

शिव्हॉन म्हणाली, "ओ गॉड. सॉरी फॉर युअर ट्रबल." कुणी गेलं की इथे सगळे असंच म्हणतात. तिचा दोष नव्हता. आधी फाइल बघणाऱ्यांपैकी कुणी कधी फोनही केला नव्हता.

माझ्याआधी उल्काचं पहिलं लग्न विक्रांतशी झालं होतं. तो इकडच्याच रिंगास्किडी गावातल्या एका औषध कारखान्यात इंजिनिअर. लग्नात सासूबाई म्हणाल्या, उल्का म्हणजे पडणारा तारा, असलं नाव घरात नको. ताटात तांदूळ पसरले आणि विक्रांतने अंगठीने त्यात 'शारदा' लिहिलं. पासपोर्टही त्याच नावाने निघाला. इकडे आल्यावर डिपेंडंट व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. तिने घर सांभाळलं, मुलीला, मुक्ताला वाढवलं. घटस्फोटात कोर्टाने विक्रांतच्या पेन्शनमधला वाटा शारदाला दिला. निकाल लागल्याबरोबर उल्काने आपलं जुनं नाव परत घेतलं. तिथेच सगळं अडकलं.

विक्रांत रिटायर झाला, त्याची पेन्शन सुरू झाली. हिचा वाटा तपासणीतच. नाव परत घेतल्याचं गॅझेट पाठवलं, तर ते मराठीत. भाषांतर पाठवलं, तर त्यावर हवा तो शिक्का नाही. एकाने विचारलं, पहिल्यांदा नाव बदललं त्याचा पुरावा काय?

"तांदूळ," उल्का म्हणाली. "पण त्यांचा दुसऱ्या दिवशी भात केला."

शेवटी विक्रांतने लिहून द्यावं असं ठरलं. मीच त्याला फोन केला.

"अहो पद्माकरराव, आमच्या घरात उल्का नावाचं कुणी नव्हतंच," तो म्हणाला आणि हसला.

पुढे मुक्ताने बापाशी भांडून त्याची सही आणली. त्यातही बरेच महिने गेले.

तोवर उल्का नर्सिंग होममध्ये रात्रपाळ्या करत होती. "पैसे आले की नाइट बंद," म्हणायची. पोटात दुखायचं तेव्हाही हेच.

"अगं, माझ्या पगारात भागतंय की."

"भागतं रे. पण ते माझे आहेत. एवढी वर्षं काय फुकट पोळ्या लाटल्या?"

सुट्टी मिळाली की डॉक्टरकडे जाऊ, असं म्हणता म्हणता उशीर झाला.

अंत्यसंस्कारानंतर शिव्हॉनचा पुन्हा फोन आला. मृत्यूच्या दाखल्यावर शारदा हेही नाव लिहून घ्या, म्हणाली. मग वारसांना पैसे देता येतील. "दॅट'ड बी ग्रँड."

मुक्ता माझ्या शेजारीच बसली होती. घरासाठी डिपॉझिट जमवून जमवून थकलेली पोर. "काका, जस्ट पुट इट डाऊन. इट्स ओन्ली अ नेम. मॅम वुड वॉन्ट मी टु हॅव इट." ती रडत होती. आणि ते खरंच होतं. उल्काने तिला सगळं दिलं असतं.

पण मला हॉस्पिटलमधला एक दिवस आठवत होता. जुन्या फाइलवरून एका नर्सने हाक मारली, "शारदा?" उल्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. अंगात त्राण नव्हतं, तरी मला म्हणाली, "सांग तिला, इथे त्या नावाचं कुणी नाही."

नोंदणी ऑफिसातल्या बाई भल्या होत्या. सगळं सावकाश विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एनी अदर नेम?"

"नाही," मी म्हणालो.

दाखला घरी आणला आहे. शिव्हॉनला अजून पाठवलेला नाही. मुक्ताला सांगायचं राहिलं आहे.